वाळवंटात पहाटे हाऊस बॅटरी डाऊन, फ्रिज बंद: नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे तपासा

लक्षण आधी सांगतो, तुमचं हेच असलं तर पुढं वाचा. टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर तसल्याच एखाद्या व्हॅनची केलेली मोटरहोम, मागं लाईट, पंखा, फ्रिजसाठी वेगळी हाऊस बॅटरी, छपरावर सोलर पॅनल. पन्हाळ्यावर, दाजीपूरला, आंबा घाटात दोन-तीन रात्री राहून आलात तरी काय अडचण येत नाही. तीच गाडी घेऊन कच्छच्या रणात नाहीतर बाडमेर-जैसलमेरकडं गेलं की पहिली रात्र निवांत जाते, दुसरी कशीबशी, आणि मग एखाद्या पहाटे तीन-चारला फ्रिजचा कंप्रेसर चालू व्हायला बघतो, टक करतो, बंद पडतो, परत थोड्या वेळानं टक, पंखा मंद झालेला, आणि ऊन वर आलं की सगळं परत आपोआप चालू. कोल्हापुरात परत येऊन उद्यमनगरात दाखवलं तर मीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात आणि मिस्त्री म्हणतो, बॅटरी एकदम ओके हाय साहेब. पुढच्या ट्रिपला परत तेच.

माझ्या ओळखीचा इचलकरंजीचा एक जण याच दुखण्यापायी दोनदा नवीन बॅटरी घेऊन बसला, दुकानदारानं दिली, यानं घेतली, आणि रणात परत पहाटे तीच टकटक. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय, कारण पैसा तर जातोच पण लहान पोरं, त्यांचं दूध, कुणाचं इन्शुलिन त्या फ्रिजमध्ये असतंय आणि जवळच्या मेडिकलपर्यंत पन्नास-साठ किलोमीटर जावं लागतंय.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा बिघाड गरमी, लोड आणि एका जागी चार दिवस मुक्काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दिसतो. कोल्हापुरात यातली एकही नसते, गाडी नुकतीच हजार किलोमीटर पळून आलेली असते, फ्रिज बंद असतो, हवा गार असते, मग मीटरला काय सापडणार? मोजायचं असेल तर तिथंच, लोड चालू ठेवून, आणि शक्यतो पहाटे मोजायचं. आणि बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

आधी हिशोब बघू, कारण निम्म्या लोकांचं काही बिघडलेलंच नसतं, फक्त जमेपेक्षा खर्च जास्त असतो. पन्नास-साठ लिटरचा डीसी कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. पन्हाळ्याच्या हवेत तो तासातली वीसेक मिनिटं चालतो, म्हंजे दिवसाला ३६० वॅट-अवर, १२ व्होल्टवर ३० अँपिअर-अवर. बाहेर ४० च्या पुढं पारा गेला आणि गाडीची बॉडी तापली की तोच फ्रिज तासातली पंचेचाळीस मिनिटं चालतो, दिवसाला ६५-७० अँपिअर-अवर झाले. पन्हाळ्यावर पंखा लावतच नाही, इथं दोन अँपिअरचा पंखा बारा तास म्हंजे अजून २४. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्याला काही जोडलेलं नसलं तरी बरेच इन्व्हर्टर एक अँपिअरच्या आसपास खातात, दिवसाचे परत २४. लाईट, पंप, मोबाईल धरून दहा. सगळं मिळून पन्हाळ्यावर ६५, रणात १२५.

आता जमा बघा. ३०० वॅटचं पॅनल, पाच तास चांगलं ऊन, कागदावर १५०० वॅट-अवर. पण पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात आणि वाळवंटात दुपारी सेल ६५-७० अंशांपर्यंत जातो. सिलिकॉन पॅनलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होते, म्हंजे ऐन उन्हात १५ ते १८ टक्के गेलेच. वर धूळ, पॅनल आडवं, वायर, चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारं खोकं) असं करत करत हातात हजारेक वॅट-अवर येतात, ७५-८० अँपिअर-अवर. रोज ४५ ची तूट. १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हंजे पाण्याची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल आणि अर्धीच वापरायची म्हणलं तर दुसऱ्याच पहाटे बोंब, २०० एएचचं लिथियम असेल तर चौथ्या पहाटे. म्हणूनच तर पहिली रात्र बरी जाते आणि आपल्याला वाटतं बॅटरी अचानक गेली.

जास्त ऊन असलं की सोलर जास्त देतं असं लय जणांना वाटतंय, ते अर्धंच खरं आहे. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. छपराला चिकटवलेलं लवचिक पॅनल सगळ्यात जास्त तापतं कारण खालून हवाच नाही. कडक फ्रेमचं पॅनल घ्या आणि खाली चार-पाच सेंटीमीटरची फट ठेवा, एवढंच. हे काम कोल्हापुरात कुणीही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात करून देतो.

आता खरा बिघाड कसा शोधायचा ते.

फ्रिज बंद पडला की मागं किंवा खाली त्याचा कंट्रोलर बघा. बऱ्याच डीसी फ्रिजमध्ये डॅनफॉस म्हंजे आताच्या सेकॉप पद्धतीचा कंप्रेसर असतो आणि त्याच्या कंट्रोलरला एक छोटा एलईडी जोडायची सोय असते, कंपनीनं लावला नसेल तर मॅन्युअल बघून इथनंच लावून न्या, काही रुपयांचं काम आहे. बिघाड झाला की तो एलईडी मोजून फ्लॅश मारतो. एक फ्लॅश म्हंजे व्होल्टेज कमी पडलं. दोन म्हंजे पंख्याचा करंट जास्त. तीन म्हंजे मोटर स्टार्ट होत नाही. पाच म्हंजे कंट्रोलर स्वतःच तापून बंद झालाय. हे पहाटे तीनला टॉर्च मारून बघितलं की अर्धं काम झालं, कारण एक आणि पाच या दोन्हीचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. पाच असतील तर बॅटरीच्या नादालाच लागू नका, फ्रिजच्या मागं हवा नाही. खाली एक जाळी, वर एक जाळी, मध्ये कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, आणि गाडी लावताना फ्रिजची बाजू पश्चिमेला येणार नाही असं बघायचं, दुपारचं तिरपं ऊन त्या पत्र्यावर पडलं की रात्री नऊपर्यंत तो पत्रा गरम राहतो.

एक फ्लॅश असेल तर मीटर काढा. बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, लगेच फ्रिजच्या टर्मिनलवर मोजा, कंप्रेसर चालू असताना. दोन्हीत ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर वायर. मी बघितलेल्या बहुतेक गाड्यांत फ्रिजला १ स्क्वेअर एमएमची घरातली वायर टाकलेली असते, सुतारकाम करणाऱ्यानंच ओढलेली. हिशोब सोपा आहे, बॅटरीपासून फ्रिज सहा मीटर म्हंजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर, तांब्याचा रोध धरला आणि ४ अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच संपले. तांबं तापलं की रोध अजून वाढतो, चाळीस अंश जास्त झाले की साधारण १५ टक्के. आणि कंप्रेसर सुरू होताना क्षणभर यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. म्हंजे बॅटरी ११.९ ला असताना फ्रिजला ११ किंवा त्याच्याही खाली दिसतंय आणि तो घाबरून बंद होतो. बॅटरीत अजून जीव असतो! ६ स्क्वेअर एमएम टाकली की तेच नुकसान ०.१४ वर येतं. नवी वायर बॅटरीपासून थेट फ्रिजला द्यायची, मधे लाईटच्या स्विचपॅनलमधून फिरवायची नाही, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

पॉझिटिव्ह वायर जाड टाकली म्हणून खूश होऊ नका, निगेटिव्ह राहते. बरेच जण निगेटिव्हला चॅसीवर एक बोल्ट मारतात, तो पण पेंटवरच. आपल्याकडं चार महिने पावसात उभी राहिलेली गाडी, त्यावर रणातलं मीठ, त्या बोल्टखाली काय होत असेल विचार करा. तपासायची पद्धत अशी: पंखा, फ्रिज, लाईट सगळं चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं फ्रिजच्या निगेटिव्हवर. आदर्श शून्य यायला पाहिजे. ०.२ च्या वर काही आलं की तिथं अर्थिंग खराब. बोल्ट उघडा, पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हायड्रॉलिक मशीननं दाबून घ्या, बसवून वर पेट्रोलियम जेली लावा. पकडीनं दाबलेली थिंबल वाळवंटात टिकत नाही. कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हळीसारख्या ज्या आडव्या लाटा उठलेल्या असतात ना, त्यावरून तासभर गाडी खडखडली की सैल असलेलं सगळं सुटतं. रोज मुक्कामाला थांबलं की गाडी बंद केल्या केल्या फ्यूज होल्डरला आणि टर्मिनलला हात लावून बघा. कोमट ठीक. हात धरवत नसेल तर जोड सैल आहे, त्या रात्री तो वितळू शकतो, सगळं बंद करून आधी ते घट्ट करा. झोपलेल्या माणसांच्या खाली ही वायरिंग असते, यात चालढकल करू नका.

आता जमेची बाजू, आणि इथं सगळ्यात जास्त लोक फसतात.

पहिलं म्हंजे घरगुती पॅनल. वॅटला स्वस्त पडतं म्हणून ३३० वॅटचं ७२ सेलचं पॅनल घेतात आणि त्याला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावतात. ते पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम काय करतो, व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला खाली ओढतो आणि करंट तेवढाच ठेवतो, मग १३ व्होल्ट गुणिले ९, म्हंजे ११५-१२० वॅट. बाकीचे दोनशे वॅट कुठं गेले? कुठंच नाही, पॅनलमधून घेतलेच गेले नाहीत. एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा) लावला की तेच पॅनल अडीच पट देतं. कुणी मला विचारलं की एकच गोष्ट बदलायची ऐपत आहे, काय बदलू, तर मी हेच सांगतो.

दुसरं, ३६ सेलचं खरंखुरं १२ व्होल्टचं पॅनल असलं तरी गरमीत पीडब्ल्यूएम मार खातो. थंड असताना १८ व्होल्ट देणारं पॅनल ७० अंशाला पंधराच्या खाली येतं. त्यात छपरावरनं आलेल्या बारीक वायरनं पाऊण व्होल्ट खाल्ला की बॅटरीपर्यंत १४.१ पोचतात, आणि लेड-अ‍ॅसिडला पूर्ण भरायला १४.४ पाहिजेत. दिवसभर चार्ज होतंय असं दिसतं, कंट्रोलरचा लाईट पण हिरवा, पण ती कधी भरतच नाही, रोज थोडी थोडी उपाशी राहते आणि दोन सीझनमध्ये सल्फेट होऊन कायमची जाते. मग दुकानदार म्हणतो, बॅटरीच खराब होती.

तिसरं, अल्टरनेटर, म्हंजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो. कोल्हापुरातनं निघून पुणे, सुरत, अहमदाबाद करत छोट्या रणाच्या काठच्या पाटडीला पोचलो, दोन दिवस गाडी पळतेय, तर बॅटरी टिच्च भरलेली असणार असं आपण धरून चालतो. जुन्या गाडीत तसं व्हायचं. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर आलाय, स्टार्टरची बॅटरी भरली की गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल वाचवायला व्होल्टेज १२.५-१२.८ वर आणून ठेवतो. आणि आपण मधे बसवलेला असतो साधा व्होल्टेज बघणारा रिले, जो १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. म्हंजे निघाल्यावर थोडा वेळ चार्जिंग, आणि मग हायवेवर तासन् तास काहीच नाही. तपासायला बायकोला नाहीतर सोबत्याला मागं बसवा, गाडी चालू केल्यावर हाऊस बॅटरीचं व्होल्टेज वाचायला सांगा, आणि अर्ध्या तासानं चालत्या गाडीत परत. १४.२ चं १२.७ झालं असेल तर तुमचा रोग सापडला. याला उपाय डीसी टू डीसी चार्जर, ३० अँपिअरचा पुरतो, इग्निशनची सिग्नल वायर जोडून. तो खालचं कमी व्होल्टेज घेऊन वर १४.४ करून देतो. पण त्याला पण जाड वायर पाहिजे, ३० अँपिअर ६ स्क्वेअर एमएममधून सहा मीटर लांब पाठवले की एक व्होल्टाच्या वर जातो, २५ मधून पाठवले की पाव. आणि तो चार्जर स्वतः तापला की आपोआप करंट कमी करतो, म्हणून सीटखालच्या बंद खोक्यात कोंबू नका.

रिले काढून अल्टरनेटर थेट लिथियमला जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढतं, आणि वाळवंटात गाडी उभी ठेवून इंजिन चालवत बसलं की अल्टरनेटरला वारा नाही, तो जळतो. मग हाऊस बॅटरी सोडा, गाडीच चालू होत नाही, आणि टो करायला गाडी यायला एक दिवस जातो.

धुळीबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण हे मला छोट्या रणातल्या अगरियांकडनं कळलं. हे लोक पाऊस संपला की ऑक्टोबरच्या सुमारास रणात येतात आणि उन्हाळा भरात येईपर्यंत कुटुंबासकट तिथंच राहतात, विजेचा खांब नाही, पिण्याचं पाणी टँकरनं येतं, जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यात मीठ पिकवतात. पूर्वी सगळे पंप डिझेलचे होते, गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांकडं सोलर पंप आलेत. म्हंजे पॅनल चाललं तर मीठ, नाहीतर नाही, एवढा सरळ हिशोब. मार्चअखेर आमची गाडी एका झोपडीपासून थोडी लांब, त्यांना विचारून लावलेली. उजाडायच्या आधी तिथले काका हातात एक ओलं फडकं आणि एक कोरडं घेऊन पॅनलच्या रांगेत चालत होते. वरच्या कडेला ओलं फडकं ठेवायचं, एका दमात खालपर्यंत ओढायचं, लगेच मागनं कोरडं, परत त्याच जागेवर घासायचं नाही. मी विचारलं दुपारी का नाही, तर म्हणाले रात्रीच्या दवानं मीठ भिजलेलं असतं तोपर्यंत ते सुटतं, ऊन पडलं की काचेवर पापडी धरतं, मग घासलं की ओरखडे, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. मी शिडी लावून आमच्या छपरावर चढलो, फडकं ओढलं तर पांढरट चिकट चोथा निघाला, राजस्थानातली वाळू नुसती झटकली जाते तशी ही जात नाही. त्या दिवशी अकरा वाजता कंट्रोलरवर १२ अँपिअर दिसत होते, आदल्या दिवशी त्याच वेळेला ९ होते. तेव्हापासून रणात असलो की उजाडायच्या आधी हे काम ठरलेलं.

आणि जाता जाता, पण मनापासून सांगतो: आपली बॅटरी बसली म्हणून त्यांच्या पॅनलवर वायर टाकायला मागू नका. ते लोक नाही म्हणत नाहीत, पाहुण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही तिथं, थर वाळवंटातल्या ढाण्यांवर (वस्त्यांवर) पण तेच, चहा पाजतील, ताक देतील, स्वतःची वायर काढून तुमची लावतील. पण त्यांचा पंप दोन तास बंद म्हंजे त्यांची दोन तासांची मजुरी. पाण्याचं पण तसंच, ढाणीवरचं टांकं म्हंजे पावसाचं साठवलेलं पाणी, वर्षभराचं, त्यातनं गाडीची टाकी भरायची नसते. आपली सोय आपण घरून करून निघायची. छोट्या रणात घुडखर (रानगाढव) अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ते बंद असतं, आणि चाकोरी सोडून गाडी घालायची नाही, वरनं कोरडं दिसणारं रण खाली चिखल असतंय.

थंडीत जाणारे म्हणतील आमच्याकडं गरमीचा प्रश्नच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो, जैसलमेरला भर दुपारी पण तो क्षितिजापासून ४० अंशांवर, म्हंजे छपरावर आडव्या पडलेल्या पॅनलला दुपारी सुद्धा साधारण दोन तृतीयांशच उजेड मिळतो. पॅनलच्या एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला टेकू लावून ते दक्षिणेकडं उचलता आलं तर हा तोटा बराचसा भरून निघतो, फक्त निघताना खाली पाडून लॉक केलंय का ते दोघांनी बघायचं. दुसरं, लिथियम शून्य अंशाच्या खाली चार्ज करायचं नसतं आणि चांगला बीएमएस (बॅटरीतलंच राखण करणारं सर्किट) तेव्हा चार्जिंग तोडतो. चुरू, फतेहपूर बाजूला जानेवारीत पारा शून्याखाली जातो, सकाळी आठला ऊन आलंय, पॅनलवर व्होल्टेज आहे, पण करंट शून्य, आणि माणूस कंट्रोलर बदलायला निघतो. दहा-साडेदहापर्यंत थांबा, बॅटरीचं खोकं उबेला आलं की आपोआप सुरू होतं. बॅटरी गाडीच्या आत, राहायच्या भागात ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. उन्हाळ्यात उलटं, बंद खोक्यात ती ५५-६० अंशाच्या आसपास गेली की बीएमएस परत तोडतो, आणि मॅन्युअल बघितल्याशिवाय कळत नाही की ही बिघाड नाही, राखण आहे.

ट्यूब्युलरवाल्यांनी कंट्रोलरचा टेम्परेचर सेन्सर बॅटरीला चिकटवा. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिडला दर अंशाला साधारण ३० मिलिव्होल्ट कमी लागतात, बॅटरी ४५ अंशाला असेल तर १४.४ च्या जागी १३.८ च. सेन्सर नसला की ती उकळते, पाणी उडतं, आणि लक्ष दिलं नाही तर प्लेटा उघड्या पडतात. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या इथनंच घ्या.

मीटर घेताना एक सांगतो, स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारे) फक्त एसी करंट मोजतात, डीसी मोजत नाहीत. दुकानात पाकिटावर डीसी अँपिअर लिहिलंय का बघूनच घ्या. लिथियम असेल तर शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) लावलेला बॅटरी मॉनिटर पाहिजेच, कारण लिथियमचं व्होल्टेज ७० टक्क्याला आणि ३० टक्क्याला जवळपास सारखंच, १३.० ते १३.३ च्या मधे रेंगाळतं आणि मग एकदम कोसळतं, व्होल्टमीटरवर भरवसा ठेवून काही कळत नाही. लेड-अ‍ॅसिडला व्होल्टेज चालतं, पण लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून तासभर थांबून, १२.७ भरलेली, १२.२ अर्धी. आणि मुक्कामात रोज तीनदा लिहून ठेवा: सूर्य मावळल्यावर, झोपताना, उजाडायच्या आधी. मावळतीचा आकडा रोज खाली येत असेल तर जमा कमी पडतेय, सोलरकडं बघा. मावळतीचा चांगला पण पहाटेचा खाली येत असेल तर रात्री काहीतरी खातंय, पहिल्यांदा इन्व्हर्टर मेन स्विचनं बंद करून बघा. दोन्ही आकडे चांगले आणि तरी फ्रिज बंद, तर वायर किंवा अर्थिंग, वर सांगितलं तसं.

हे सगळं करून पण पहाटेचं दुखणं राहिलं तर मग बॅटरीकडं या. घरी आल्यावर ती मेन्सच्या चार्जरनं पूर्ण भरा, रात्रभर तशीच ठेवा, आणि १२ व्होल्टचा ५५ किंवा ६० वॅटचा हेडलाईट बल्ब लावा, क्लॅम्पवर बघा, पाचेक अँपिअर जातील. १५० एएचची ट्यूब्युलर असेल तर पंधरा तास पेटता ठेवा, म्हंजे ७५ अँपिअर-अवर निघाले. बल्ब काढा, तासभर थांबा, मोजा. १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी चांगली आहे, तुमचं कुठंतरी एक मोजमाप राहिलंय, परत अर्थिंगपासून सुरू करा. १२.० च्या बरंच खाली असेल, किंवा पंधरा तासांच्या आधीच बल्ब पिवळा पडला असेल, तर ती दमलेली आहे, तिचे सहाही सेल हायड्रोमीटरनं (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) तपासून घ्या, आणि नवीन घेतलीच तर बसवायच्या आधी वायर, अर्थिंग आणि कंट्रोलर ही तीन कामं झालेली पाहिजेत, नाहीतर नवीन बॅटरी पण पुढच्या दोन सीझनमध्ये याच रस्त्यानं जाईल.